कर्करोगाच्या उपचारांत दांपत्यजीवनाची जपणूक

पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यात झरी हे गाव आहे. २३ मे १९४५ रोजी या गावी वारली आदिवासींची मोठी परिषद भरली आणि यापुढे वेठबिगार करणार नाही, असा निर्धार तेथे करण्यात आला. त्या काळी या भागात लग्नगडी ही पद्धत रूढ होती. लग्नासाठी जमीनदाराकडून काढलेल्या कर्जापोटी नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबावयाचे आणि ते कर्ज बहुधा कधीच फिटावयाचे नाही, असे तिचे स्वरूप होते. जी गोष्ट घरातल्या घरात सोसली जात होती ती चारचौघांत बोलली जाऊ लागली, तेव्हाच तिच्यातून सुटकेचा मार्ग निघाला.

आज याच गावातील, किंवा राज्यातील कोणत्याही गावातील, एखाद्या जोडप्यावर निराळे संकट ओढवते. दोघांपैकी एकाला कर्करोग झाल्याचे निदान होते. औषधे, तपासण्या, प्रवास आणि पैसा यांविषयी पुष्कळ बोलणे होते. परंतु नवरा-बायकोच्या जवळिकीचे काय होणार, शरीरसंबंध ठेवावा की नाही, ठेवल्यास अपाय होईल काय, हे डॉक्टर सांगत नाहीत आणि रुग्ण विचारीत नाही. विचारावयाचे कोणाला आणि कोणत्या शब्दांत, हेच ठाऊक नसते. मग अंथरुणे वेगळी होतात, बोलणे कमी होते आणि पुष्कळदा आजारी बायकोची रवानगी माहेरी होते. रोगाने जे तोडले नसते ते गैरसमजाने तुटते. या विषयाची माहिती आरोग्य कर्मचाऱ्यांना, शिक्षकांना आणि पंचायत सदस्यांना असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

प्रश्न लहान नाही

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात कर्करोगाचे १४ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले. त्यांत स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार, तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार रुग्ण होते. आपल्याकडे सर्वाधिक आढळणारे हे तीन कर्करोग शरीराच्या ज्या भागांना होतात, ते भाग दांपत्यजीवनाशी निगडित आहेत. रुग्णांपैकी बरेच जण चाळीस ते साठ या वयातील, म्हणजे ऐन संसारातील असतात. लवकर निदान झालेले अनेक रुग्ण उपचारानंतर वर्षानुवर्षे जगतात. त्यांचे आयुष्य वाचविणे हे जसे वैद्यकाचे काम आहे, तसेच वाचलेले आयुष्य जगण्याजोगे करणे हेही त्याचेच काम आहे.

आजारपणात साथ सुटण्याचा धोका स्त्रीला अधिक असतो. अमेरिकेत ५१५ रुग्णांची पाहणी करून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, गंभीर आजार पुरुषाला झाला असता सुमारे ३ टक्के जोडपी विभक्त झाली. तोच आजार स्त्रीला झाला असता हे प्रमाण सुमारे २१ टक्के होते. तो देश निराळा, तेथील समाज निराळा. परंतु गावोगावी फिरणाऱ्या आशा कार्यकर्तीला यात फारसे नवल वाटणार नाही.

तीन गैरसमज

पहिला गैरसमज असा की, कर्करोग हा स्पर्शाने किंवा शरीरसंबंधाने लागतो. हे खरे नाही. एकाच्या शरीरातील कर्करोग दुसऱ्याच्या शरीरात जात नाही. एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणावर निजल्याने किंवा चुंबनाने तो होत नाही. रुग्णाची भांडी वेगळी ठेवण्याचे कारण नाही.

दुसरा गैरसमज किरणोपचाराविषयी आहे. ‘वीज दिली’ म्हणजे ती रुग्णाच्या अंगात साठून राहते आणि जवळ येणाऱ्याला बाधते, अशी समजूत खेड्यांतच नव्हे तर शहरांतही आढळते. बाहेरून यंत्राद्वारे दिलेले किरण यंत्र बंद होताच संपतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात आतून किरण देण्यासाठी नळ्या बसवितात. त्यांतील किरणोत्सर्गी स्रोत उपचार संपताच काढून घेतला जातो आणि मागे काही उरत नाही. थायरॉइडसाठी दिले जाणारे किरणोत्सर्गी आयोडीन किंवा शरीरात कायम ठेवावयाचे कण यांच्या बाबतीत मात्र काही काळ अंतर ठेवावे लागते. तशी सूचना रुग्णालय स्वतंत्रपणे देते.

तिसरा गैरसमज सर्वांत घातक आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतांशी एचपीव्ही या विषाणूमुळे होतो आणि हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, हे कानावर पडताच घरात संशय शिरतो. बायको नवऱ्याला दोष देते, किंवा सासर तिच्याच चारित्र्यावर बोट ठेवते. वस्तुस्थिती अशी आहे की, हा विषाणू अत्यंत सर्वसामान्य असून विवाहित जीवन जगणाऱ्या बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा त्याचा संसर्ग होतो. बहुतेकांच्या शरीरातून तो आपोआप नाहीसा होतो. काहींच्या शरीरात तो टिकून राहतो आणि कर्करोग होण्यास पुढे दहा, वीस किंवा त्याहून अधिक वर्षे लागतात. तो कोणाकडून व केव्हा आला, हे सांगता येत नाही. म्हणून हा रोग कोणाच्याही वर्तनाचा पुरावा ठरत नाही. ही गोष्ट नवरा-बायको दोघांनाही एकत्र बसवून सांगितली पाहिजे.

उपचारांमुळे काय बदलते

गैरसमज दूर झाले तरी उपचारांचे खरे परिणाम उरतातच. त्यांची पूर्वकल्पना दिल्यास अर्धी भीती कमी होते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात साधारणतः आठवड्यातून पाच दिवस, असे सुमारे पाच आठवडे बाहेरून किरणोपचार देतात; त्याच्या जोडीला आठवड्यातून एकदा रसायनोपचाराचे औषध आणि शेवटी आतून किरण, असा क्रम असतो. या काळात त्या भागात दाह होतो, म्हणून संबंध टाळण्यास सांगतात. उपचार संपल्यावर जखम भरून येण्यास काही आठवडे लागतात. त्यानंतर डॉक्टरांनी तपासून अनुमती दिल्यास संबंध पुन्हा सुरू करण्यास हरकत नसते.

येथे एक महत्त्वाची बाब बहुधा सांगायची राहून जाते. किरणोपचारानंतर योनिमार्ग कोरडा होतो, आखडतो आणि कधी त्याच्या भिंती एकमेकींना चिकटतात. हे टाळण्यासाठी डायलेटर नावाची गुळगुळीत नळी आठवड्यातून दोन-तीन वेळा काही मिनिटे वापरावयाची असते. तिचा उपयोग संबंधापुरता नाही. मार्ग मोकळा राहिला तरच पुढील तपासणीत डॉक्टरांना आतून पाहता येते. म्हणून ती विधवेलाही आवश्यक आहे. केव्हा सुरुवात करावी आणि कशी वापरावी, हे रुग्णालयातील परिचारिकेकडून समजून घ्यावे. कोरडेपणासाठी पाण्यात विरघळणारे वंगण मिळते. संबंधानंतर किंचित रक्त गेल्यास घाबरू नये. मात्र रक्तस्राव अधिक असल्यास किंवा वारंवार होत असल्यास तपासणी करून घ्यावी.

गर्भाशय काढून टाकले म्हणजे स्त्रीत्व संपले, अशी समजूत आहे. तीही खरी नाही. मासिक पाळी थांबते आणि मूल होत नाही. जवळिकीची इच्छा व सुख राहू शकते. बीजकोश काढल्यास किंवा किरणांमुळे निकामी झाल्यास पाळी जाण्याच्या वयातील त्रास एकदम सुरू होतात. अंगाची लाही होणे, झोप न लागणे, मन उदास होणे, इच्छा कमी होणे ही त्याची लक्षणे होत. बायको ‘बदलली’ असे नवऱ्याला वाटते. वास्तविक तो शरीरातील संप्रेरकांचा फरक असतो.

स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर अनेक स्त्रिया नवऱ्यासमोर कपडे बदलण्यासही संकोचतात. व्रण प्रथम कोणी, केव्हा व कसा पाहावा, हे तिने ठरवावे. नवऱ्याने आपणहून बोललेला एक आपुलकीचा शब्द येथे मोठे काम करतो. तोंडाच्या कर्करोगात चेहरा बदलतो, लाळ आटते, तोंडाला दुर्गंधी येते, बोलणे अस्पष्ट होते. असा पुरुष घरातल्या माणसांपासूनही तोंड लपवू लागतो.

पुरुषांच्या बाबतीत प्रोस्टेट ग्रंथी, गुदाशय किंवा मूत्राशय यांवरील शस्त्रक्रियेत आणि किरणोपचारात मज्जातंतूंना इजा होऊन ताठरता कमी होऊ शकते. यावर उपाय आहेत. मात्र सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नयेत. हृदयविकारासाठी नायट्रेट वर्गातील औषधे घेणाऱ्यास त्या जिवावर बेतू शकतात. ज्यांना पुढे मूल हवे आहे त्यांनी उपचार सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे, कारण वीर्य किंवा स्त्रीबीज गोठवून साठविण्याची सोय मोठ्या शहरांत उपलब्ध आहे. उपचार सुरू झाल्यावर ही संधी राहीलच असे नाही.

रसायनोपचाराच्या काळात तीन नियम पाळावेत. औषध दिल्यानंतर त्याचा अंश काही दिवस शरीराच्या स्रावांत उतरू शकतो. म्हणून निदान दोन-तीन दिवस, आणि डॉक्टरांनी सांगितल्यास अधिक दिवस, निरोध वापरावा. उपचार चालू असताना व त्यानंतर डॉक्टर सांगतील तोपर्यंत गर्भधारणा टाळावी. पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणार नाही, असे समजू नये. आणि रक्तातील पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट फार कमी झाल्या असतील, तर संबंध पुढे ढकलावा.

झरी ते परळ

मुंबईतील परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९६२ पासून ते केंद्र शासनाच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आणि देशभरातून रुग्ण तेथे येतात. डहाणू-तलासरी भागातील रुग्णांना डहाणू रोडपर्यंत येऊन तेथून रेल्वेने मुंबई गाठावी लागते. २०१३ पासून उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत येऊ लागल्याने ही वाट काहीशी सोपी झाली. तरीही चर्चगेटपासून डहाणू रोड सुमारे सव्वाशे किलोमीटर आहे. किरणोपचारासाठी रोज एवढी ये-जा करणे आजारी माणसास शक्य नसते. म्हणून जोडपी दीड-दोन महिने मुंबईतच मुक्काम करतात. दादर येथील गाडगे महाराज धर्मशाळा, परळ येथील नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन अशा संस्थांनी हजारो रुग्णांना आसरा दिला आहे. जागा न मिळालेली काही कुटुंबे पदपथावरही राहतात.

अशा ठिकाणी एकान्त कोठून मिळणार? हातात हात घेऊन बसावयाचे म्हटले तरी शेजारी दहा माणसे असतात. गावी परतल्यावर कुडाचे एका खोलीचे घर, त्यात मुले आणि सासू-सासरे. शिवाय पावसाळा संपला की या भागातील अनेक पुरुष वीटभट्ट्यांवर किंवा गुजरातच्या किनाऱ्यावरील मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून कामास जातात. आजारानंतर जोडप्याने एकमेकांना पुन्हा ओळखून घ्यावयाचा काळ नेमका दुराव्यात जातो. शहरातील पुस्तकांत दिलेला ‘निवांत वेळ काढा’ हा सल्ला येथे पुरेसा पडत नाही. दुपारी शेतावर सोबत जाणे, रात्री अंगाला तेल लावून देणे, दवाखान्याच्या वाटेवर दोघांनीच चालणे, अशा साध्या गोष्टींतूनच येथील जवळीक टिकते. जवळीक म्हणजे केवळ संबंध नव्हे, हे दोघांना उमगले तर संबंध न ठेवण्याचा काळही दुराव्याचा ठरत नाही.

बोलावयाचे कसे? चार पायऱ्या

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॅक अॅनन यांनी १९७६ साली या कामासाठी चार पायऱ्यांची पद्धत मांडली. ‘प्लिसिट’ या नावाने ती जगभर वापरली जाते. तिचे वैशिष्ट्य असे की, पहिल्या दोन पायऱ्यांसाठी तज्ज्ञ लागत नाही.

पहिली पायरी अनुमतीची. हा विषय येथे काढला तरी चालेल, हे रुग्णाला कळले पाहिजे. आशा कार्यकर्तीने एवढेच म्हणावे: “ताई, या उपचारांत नवरा-बायकोच्या जवळिकीबद्दल पुष्कळ जणींच्या मनात शंका असतात. तुम्हांला काही विचारावेसे वाटले तर केव्हाही विचारा.” पुरुष रुग्णाशी पुरुष आरोग्यसेवकाने “दादा” म्हणून हेच बोलावे. रुग्णाने त्या दिवशी काही विचारले नाही तरी बिघडत नाही. दार उघडे आहे, हे त्याला कळलेले असते.

दुसरी पायरी मर्यादित माहितीची. रोग लागत नाही, किरण अंगात राहत नाहीत, कोणाचा दोष नाही, कोरडेपणा येणार आहे व त्यावर उपाय आहे, एवढी चार वाक्ये रुग्णाच्या बोलीत सांगता आली पाहिजेत. वारली बोलणाऱ्या स्त्रीला ग्रांथिक शब्दांचा उपयोग नाही. तिच्या बोलीत या गोष्टींना जे सभ्य शब्द असतील ते स्थानिक कार्यकर्तीलाच ठाऊक असतात.

तिसरी पायरी नेमक्या सूचनांची. डायलेटर, वंगण, वेदनाशामक औषध केव्हा घ्यावे, थकवा कमी असेल अशी वेळ कशी निवडावी, व्रणावर भार येणार नाही अशी स्थिती कोणती, हे वैद्यकीय अधिकारी किंवा प्रशिक्षित परिचारिका सांगू शकते. चौथी पायरी सखोल उपचारांची. ती थोड्यांनाच लागते. त्यासाठी कर्करोग रुग्णालयातील समुपदेशक किंवा मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयासारख्या ठिकाणचे लैंगिक आरोग्याचे तज्ज्ञ आहेत. मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस ही शासकीय दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

या चारही पायऱ्यांवर एक मर्यादा कटाक्षाने पाळावयाची आहे. माहिती देणे म्हणजे संबंधांसाठी आग्रह धरणे नव्हे. आजारी व्यक्तीची इच्छा नसेल तर तो विषय तेथेच थांबतो. ‘डॉक्टरांनी परवानगी दिली’ या वाक्याचा उपयोग कोणी बळजबरीसाठी करीत असेल, तर कार्यकर्तीने स्त्रीच्या बाजूने उभे राहिले पाहिजे.

महाराष्ट्राला हे नवे नाही

अशा विषयावर मराठीत उघडपणे बोलता येत नाही, असे कोणी म्हणेल. परंतु रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. खटले सोसले, पण कामजीवनाविषयी स्वच्छ मराठीत लिहिता येते हे त्यांनी सिद्ध केले. १९६८ साली निरोध बाजारात आला तेव्हा त्याचे नाव घेण्यासही आरोग्य कर्मचारी लाजत असत. पुढे १९९२ पासून राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने त्याच कर्मचाऱ्यांना आणखी अवघड प्रश्नांवर बोलण्यास शिकविले. जी यंत्रणा मूल होऊ नये म्हणून या विषयावर बोलली आणि रोग होऊ नये म्हणूनही बोलली, तिला आजारी जोडप्याच्या सुखदुःखासाठी बोलणे अशक्य नाही.

कोणी काय करावे

तीस वर्षांवरील स्त्रीपुरुषांची तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी प्राथमिक तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरांत करण्यात येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील शस्त्रक्रिया, रसायनोपचार व किरणोपचार यांचा समावेश आहे. रुग्ण याच वाटेने पुढे जातो व याच वाटेने गावी परत येतो. परतल्यानंतरच्या गृहभेटीत जखम, आहार व औषधे यांच्या चौकशीबरोबर जवळिकीविषयीचा एक प्रश्न नेमाने विचारला जावा, यासाठी वेगळ्या निधीची गरज नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मासिक बैठकीत अर्धा तास या विषयाला द्यावा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात पडद्याआड बसून बोलता येईल अशी एक जागा ठेवावी. शक्य तेव्हा नवरा-बायकोला एकत्र बोलवावे. मात्र स्त्रीला एकटीने बोलावयाचे असल्यास तशी संधी अवश्य द्यावी.

शिक्षकांकडे गावातील माणसे रुग्णालयाचे कागद वाचून घेण्यासाठी येतात. त्या वेळी गैरसमजाचा शब्द कानावर आल्यास तो तेथेच दुरुस्त करणे त्यांना सहज शक्य आहे. पंचायत सदस्यांचे काम अधिक नाजूक आहे. ग्रामसभेत कोणा रुग्णाचे नाव न घेता, कर्करोग लागत नाही आणि तो कोणाच्या पापाचे फळ नाही, हे त्यांनी सांगावे. आजारी सून माहेरी धाडली जात असेल तर वडीलधाऱ्यांनी घरी जाऊन समजूत घालावी. भगताकडे जाणाऱ्यांची टर उडवू नये. उपचार अर्धवट सोडू नका, एवढे भगताच्याच तोंडून वदविता आले तर ते अधिक उपयोगी पडेल. आणि घरातली ऐकलेली गोष्ट पारावर जाणार नाही, याची खबरदारी सर्वांनीच घ्यावयाची आहे. एकदा गोष्ट फुटली की पुढचा रुग्ण तोंड उघडत नाही.

किरणोपचाराचे यंत्र प्रत्येक तालुक्यात पोहोचण्यास वेळ लागेल, कर्करोगतज्ज्ञही गावोगावी लगेच मिळणार नाहीत. परंतु आजारी माणसाला त्याच्या बोलीत धीराचा प्रश्न विचारणारा माणूस आज प्रत्येक पाड्यावर आहे. त्याने तो प्रश्न वेळेवर विचारला, तर दवाखान्यातून घरी परतणाऱ्या माणसाला घरही पूर्वीसारखेच आपले वाटेल.